दोनच्या आत

शुक्रवार, ७ मार्च १८४५. संध्याकाळ

पॅरिसच्या पाले-रोयालच्या कमानींखाली ‘त्र्वा फ्रेर प्रोव्हांसो’ नावाचं नामांकित रेस्टॉरंट आहे. नावाचा अर्थ, प्रोव्हान्सचे तीन भाऊ. आज तिथे मेजवानी आहे. यजमानीण आनाईस लिएव्हेन, वोदव्हिल थिएटरची नटी. यजमानीण नावाचीच, कारण खर्च वर्गणीचा आहे: पुरुषांनी माणशी ५५ फ्रँक काढायचे. जमणारी मंडळी एका वर्तुळातली. कादंबरीकार, नट्या, वर्तमानपत्रवाले आणि काही नुसतेच खिसा गरम असलेले.

अलेक्सांद्र द्युजारिए आला आहे. वय २९. ‘ला प्रेस’ या दैनिकाचा सहमालक, आणि साहित्याचं पान त्याच्या हातात. त्या काळच्या पॅरिसात हे पद म्हणजे साधी गोष्ट नाही. दैनिकाच्या पहिल्या पानाच्या तळाशी क्रमशः कादंबरी चालते आणि तिच्यावर खप चढतो-उतरतो. आदल्या डिसेंबरात ‘ला प्रेस’ने बाल्झाकची ‘शेतकरी’ सुरू केली होती. ती वाचकांना पचली नाही. मग नाताळच्या दिवशी तिच्या जागी अलेक्झांडर द्यूमाची ‘राणी मार्गो’ आली, ती अजून चालू आहे. बाल्झाकला बाजूला सरकवणाऱ्या कचेरीतला हा माणूस. त्याच्यावर खार खाणारे लेखक शहरात किती असतील, याची कल्पना मासिकाचा दिवाळी अंक काढणाऱ्या कुणालाही येईल.

लोला माँटेझ आलेली नाही. तिला यायचं होतं, पण द्युजारिएने मना केलं: तिथली संगत तुझ्यासाठी बरी नाही. स्वतःला मात्र ती चालली.

लोला स्वतःला स्पॅनिश नर्तकी म्हणवते. खरं नाव एलायझा गिल्बर्ट, जन्म आयर्लंडचा. बाप गोऱ्या पलटणीतला अधिकारी. बायको-मुलीला घेऊन हिंदुस्थानात आला आणि १८२३ मध्ये पाटण्याजवळ दानापूरला पटकीने गेला. तिच्या बालपणाची काही वर्षं आपल्याकडच्या छावण्यांत गेली, लग्नानंतरचे काही दिवसही. आता ती पोर्त-सें-मार्तें थिएटरात नाचते आणि द्युजारिएशी लग्न करायचं म्हणते.

मध्यरात्र उलटल्यावर

टेबलं आवरली, पत्ते आले. खेळ लान्स्कने. बँक धरणारा एक पत्ता स्वतःसाठी उघडतो, एक समोरच्यांसाठी, आणि मग कुणाच्या पत्त्याचा जोडीदार आधी निघतो ते पाहायचं. मी बंगळूरला राहतो, तिथे हा खेळ समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. अंदर-बाहर मूळचा आमचाच, असं इथले लोक छाती ठोकून सांगतात, आणि लान्स्कने त्याचा लांबचा भाऊबंद.

द्युजारिए प्यायला आहे आणि हरतो आहे. लिएव्हेनबाईंना तो काहीतरी अघळपघळ बोलून बसतो, मग माफी मागतो. रॉजे द बोव्हार नावाचा कादंबरीकार आपल्या पडून राहिलेल्या हस्तलिखिताबद्दल विचारतो. द्यूमा संपल्याशिवाय जागा नाही, असं काहीसं उत्तर मिळतं, आवाज चढतात, उतरतात. शेवटी हिशेबाच्या वेळी आणखी एकाशी शब्दाला शब्द लागतो. याचं नाव रोझमों द बोव्हालों. ग्वादलूप बेटावरच्या गोऱ्या घराण्यातला, तलवारबाजीत नावाजलेला. द्युजारिए त्याचं ८४ लुई देणं लागतो, म्हणजे १,६८० फ्रँक. रक्कम लहान नाही, पण तो जागच्या जागी रेस्टॉरंटच्या मालकाकडून उसने घेऊन चुकती करतो.

हिशेब मिटला. कुणी कुणाच्या अंगावर ग्लास फेकला नाही, कुणी शिवी दिली नाही. अशा रात्री एरवी सकाळच्या डोकेदुखीबरोबर संपतात.

ही का संपली नाही, हे कळायला दोन वर्तमानपत्रांकडे पाहावं लागतं. बोव्हालों ‘ल ग्लोब’मध्ये नाटकांवर लिहितो. ‘ल ग्लोब’चा संपादक ग्रानिए द कास्सान्याक हा त्याचा मेहुणा. हा कास्सान्याक पूर्वी ‘ला प्रेस’मध्येच लिहीत असे. एका दैनिकातून फुटून दुसरं चालवणाऱ्या माणसाला जुन्या कचेरीबद्दल काय वाटतं, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

आणि ‘ला प्रेस’चा जन्मच अशा वैरातून झालेला. १ जुलै १८३६ ला एमिल द जिरार्देंने हे दैनिक काढलं आणि वर्षाची वर्गणी ठेवली ४० फ्रँक. बाकीच्यांची ८०. उरलेली भर जाहिरातींनी घालायची आणि वाचक कादंबऱ्यांनी बांधायचा. आजची बहुतेक दैनिकं याच हिशेबावर उभी आहेत. प्रतिस्पर्ध्यांच्या पायाखालची वाळू सरकली. तीन आठवडे एकमेकांवर चिखलफेक झाली आणि २२ जुलैला ‘ल नास्योनाल’चा संपादक आर्मां कारेल आणि जिरार्दें पिस्तुलं घेऊन व्हँसेनच्या जंगलात समोरासमोर उभे राहिले. जिरार्देंच्या मांडीत गोळी गेली, कारेलच्या ओटीपोटात. कारेल २४ तारखेला गेला, वय ३६. जिरार्देंने त्यानंतर शपथ घेतली, पुन्हा कधी द्वंद्व लढायचं नाही. मालकाने शपथ घेतल्यावर कचेरीच्या वतीने उभं राहायला कुणीतरी दुसरं लागतं.

दुसरा दिवस

द्युजारिए कचेरीत आहे. दोन गृहस्थ भेटीला येतात: द फ्लेर आणि देकव्हिये. एक काउंट, दुसरा व्हायकाउंट. बोलणं अतिशय सभ्य. श्री. बोव्हालों यांना काल आपल्या बोलण्याने अपमान वाटला आहे, शिवाय श्री. बोव्हार यांचंही म्हणणं आहे. दोन तक्रारी, वकील एकच जोडी.

द्युजारिएला नेमका अपमान कोणता ते उमगत नाही. विचारतो, तर उत्तर गोल. शब्दांवर आक्षेप नाही, बोलण्याच्या सुरावर आहे. शब्द मागे घेता येतात; सूर कसा मागे घेणार?

तो आपल्या बाजूने दोन मित्रांची नावं देतो. एक आर्त्युर बर्त्रां, नेपोलियनबरोबर हद्दपारीत गेलेल्या जनरल बर्त्रांचा मुलगा, १८१७ मध्ये सेंट हेलेना बेटावरच जन्मलेला. इंग्रजांची परवानगी न काढता बेटावर आलेला हा पहिला फ्रेंच माणूस, अशी त्याच्या आईने बादशहाशी त्याची ओळख करून दिली होती म्हणतात. दुसरा शार्ल द ब्वान्य. हे आडनाव ऐकून मराठी कानाला महादजी शिंद्यांची कवायती फौज उभी करणारा दि बॉयन आठवणारच, पण आठवणीपलीकडे तो धागा मी ताणत नाही.

अशा मित्रांना इंग्रजीत ‘सेकंड’ म्हणतात. फ्रेंच शब्द त्याहून नेमका आहे. त्याचा सरळ अर्थ साक्षीदार. खून होण्याच्या आधीच नेमलेले साक्षीदार.

९ आणि १० मार्च

या दिवसांत माणूस वाचवण्याच्या जेवढ्या संधी होत्या तेवढ्या पुढे आल्या नाहीत. म्हणून इथे थांबतो.

चार साक्षीदार भेटतात, पुन्हा भेटतात. बोव्हारचं प्रकरण आपोआप मागे पडतं, उरतो बोव्हालों. बर्त्रां आणि ब्वान्य यांना भांडणात दम दिसत नाही, ते तसं बोलूनही दाखवतात. एखादं दिलगिरीचं वाक्य चाललं असतं. द्युजारिए ते लिहून द्यायला तयार नाही, कारण न केलेल्या अपमानाची माफी मागितली तर तो केला होता असं होतं. बोव्हालोंचे लोक माघार घ्यायला तयार नाहीत, कारण मागितलेलं मिळालं नाही तर मागणारा हास्यास्पद ठरतो. शेवटी कागद होतो: आव्हान बोव्हालोंकडून, समेटाचा प्रयत्न फसला, लढाई अटळ. सह्या. एखाद्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त असावं तसा हा कागद.

यासाठी नियमांचं पुस्तक होतं. कोंत द शातोव्हिलार याने १८३६ मध्येच द्वंद्वाची संहिता छापली होती. अपमानाच्या पायऱ्या किती, शस्त्र कुणी निवडायचं, पावलं कशी मोजायची, सगळं कलमवार. आणि कायदा? १८३७ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की द्वंद्वात मारलं तरी तो मनुष्यवधच. पण ज्युरी बसली की सोडून द्यायची. पुस्तक एक, कायदा एक, आणि लोक पुस्तकाप्रमाणे वागायचे.

योगायोग असा की त्याच १८३७ मध्ये मेकॉलेने हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा मसुदा पुरा केला. तीन वर्षांपूर्वी, १८३४ मध्ये, मद्रासहून उटीला गव्हर्नर-जनरलच्या भेटीला जाताना त्याचा मुक्काम बंगळूरला पडला होता. त्याच्या संहितेतली ४९९ आणि ५०० ही अब्रुनुकसानीची कलमं १८६० मध्ये कायद्यात आली आणि आता नव्या संहितेत ३५६ आकडा लावून जिवंत आहेत. साहेबलोक आपसांत गोळ्या झाडत असत, १७८० मध्ये कलकत्त्याला वॉरन हेस्टिंग्जने फिलिप फ्रान्सिसला जायबंदी केलं होतं. आपल्याकडच्या संपादकांच्या वाट्याला मात्र पिस्तुलाऐवजी खटला आला. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या बर्व्यांनी केलेल्या खटल्यात टिळक-आगरकरांना डोंगरीचा तुरुंग मिळाला, १०१ दिवसांचा. अब्रू गेली तर ‘नुकसान’ झालं, आणि नुकसान म्हटलं की ते मोजता येतं, भरून मागता येतं. मराठी शब्दातच हा व्यवहारीपणा आहे. ‘अब्रू’ ज्या फारसी शब्दावरून आला त्याचा अर्थ चेहऱ्यावरचं पाणी. द्युजारिएच्या पॅरिसात ते पाणी मोजायचं माप नव्हतं.

बंगळूरला बसून हे लिहिताना आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. याच शहरात ‘गौरी लंकेश पत्रिके’ हे कन्नड साप्ताहिक निघायचं. नोव्हेंबर २०१६ मध्ये हुबळीच्या कोर्टाने अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्याच्या संपादक गौरी लंकेश यांना सहा महिन्यांची शिक्षा दिली, त्यांनी जामीन घेतला आणि काम चालू ठेवलं. ५ सप्टेंबर २०१७ च्या रात्री राजराजेश्वरीनगरमधल्या त्यांच्या घराच्या दारात त्यांना गोळ्या घातल्या. तिथे कागद नव्हता, साक्षीदार नव्हते, समोर हत्यार धरलेली दुसरी व्यक्तीही नव्हती. हे दोन मृत्यू एका तागडीत घालायचे नाहीत. फरक केवढा आहे तेवढं दिसावं.

परत १० मार्चकडे. शस्त्र निवडायचा हक्क द्युजारिएकडे आहे, कारण आव्हान त्याला मिळालंय. तो पिस्तूल निवडतो. बोव्हालोंची तलवार कशी चालते हे सगळ्या शहराला ठाऊक आहे. द्युजारिएला तलवार येत नाही, पण पिस्तूलही येत नाही.

तो द्यूमाला भेटतो. द्यूमाने पुढे कोर्टात सांगितलं, मी त्याला तलवार घे म्हणालो. तुझ्या हातात तलवार पाहून पहिल्याच झटक्यात बोव्हालोंला कळेल की समोर नवखा आहे. तो हातावर ओरखडा काढील आणि विषय संपेल. गोळीला असं काही कळत नाही. हा सल्ला व्यवहाराचा होता, एरवी मस्केटियरांच्या तलवारी खणखणवणारा लेखक इथे वडीलधाऱ्याच्या शहाणपणाने बोलत होता. द्युजारिएने मानला नाही. आणि भांडण कशावरून, असं विचारल्यावर त्याचं म्हणणं होतं की हे बोव्हालों आणि द्युजारिए यांचं भांडण नाहीच, ‘ल ग्लोब’ आणि ‘ला प्रेस’चं आहे.

हे त्याला कळलं होतं. तरी तो गेला. मला वाटतं, कळलं होतं म्हणूनच गेला. स्वतःपुरतं असतं तर हसून सोडता आलं असतं. कचेरीच्या वतीने हसता येत नाही.

सोमवार, १० मार्च. रात्र

लोलाला तो निरोप देतो, आज मला एकट्याला झोपू दे. कारण सांगत नाही.

मग लिहायला बसतो. मृत्युपत्र करतो. लोलाच्या नावे पाले-रोयाल थिएटरचे सतरा शेअर. आईला पत्र: हे तुझ्या हातात पडेल तेव्हा मी मेलेला असेन किंवा जबर जखमी, अब्रूचा प्रश्न आहे, इलाज नव्हता. वर्तमानपत्राच्या माणसाला मथळा कसा लिहायचा ते माहीत असतं. आईला लिहितानाही पहिल्या वाक्यात बातमी.

मंगळवार, ११ मार्च. सकाळ

बाहेर बर्फ. थंडी हाडात शिरणारी.

निघण्याआधी लोलासाठी चिठ्ठी. पिस्तुलाचं द्वंद्व लढायला जातोय. रात्री एकटं का राहायचं होतं ते आता तुला कळेल. मन शांत ठेवायचं होतं. दोन वाजेपर्यंत सगळं संपलेलं असेल. चिठ्ठी नोकराकडे देऊन ठेवतो, मी गेल्यावर पोचव.

डॉ. द गीझ सोबत आहेत. बर्त्रां आणि ब्वान्य येतात. गाड्या बुआ द बूलोन्यकडे निघतात. आज तिथे बागा आणि तलाव आहेत. तेव्हा शहराच्या वेशीबाहेरचं रान, घोडेस्वारांचं आणि द्वंद्व लढणाऱ्यांचं. ठिकाण ठरलंय माद्रिद नावाच्या रेस्टॉरंटजवळ, एका आडरस्त्यावर.

ठरलेली वेळ

द्युजारिए पोचतो. बोव्हालों नाही.

बर्फात उभं राहायचं, पाय आपटायचे, गाडीत बसायचं, पुन्हा उतरायचं. पंधरा मिनिटं जातात, अर्धा तास जातो. ज्याने बोलावलं तोच गैरहजर.

पुस्तकात याची तरतूद आहे. ठराविक वेळ वाट पाहून निघून गेलं तर कुणी भित्रा म्हणू शकत नाही. उलट उशीर करणाऱ्याचीच नामुष्की. सोबतची माणसं द्युजारिएला हे सांगतात. चला, परत जाऊ. अब्रू शाबूत, जीव शाबूत, आणि दोघांचंही कारण कागदोपत्री.

तो नाही म्हणतो. आज टळलं तर उद्या पुन्हा दोघे सभ्य गृहस्थ कचेरीत येतील.

तास उलटून गेल्यावर गाडी येते.

मोजणी

बोव्हालोंचे साक्षीदार उशिराबद्दल काहीबाही सांगतात, आणि कुणीही त्यावर अडून बसत नाही.

आता पिस्तुलं. दोन जोड्या आल्या आहेत, प्रत्येक बाजूची एक. नियम असा की हत्यार दोघांनाही अनोळखी हवं. नाणं उडवतात, कौल देकव्हियेने आणलेल्या जोडीला. बर्त्रां त्यातलं एक घेऊन नळीत बोट घालतो. बोट काळं होऊन बाहेर येतं.

चार दिवसांच्या या सगळ्या गोष्टीत एखादी गोष्ट जवळून पाहण्यासारखी असेल तर ती हे बोट. नवी किंवा पुसून ठेवलेली नळी बोट काळं करत नाही. बर्त्रां विचारतो. देकव्हिये म्हणतो, नळी कोरडी करायला नुसती दारू जाळून पाहिली, गोळी नाही झाडली. पिस्तुलं माझी आहेत. बोव्हालोंने ती हातातही घेतलेली नाहीत, शब्द देतो.

सभ्य गृहस्थाने शब्द दिला की पुढे प्रश्न विचारणं हाच अपमान. बर्त्रां बोट पुसतो.

इतक्या वेळात संहिता दोनदा मोडली. उशिराला सूट मिळाली, काळ्या नळीला सूट मिळाली. कुणाच्याही मनात आलं नाही की मोडायचीच आहे तर तिसऱ्यांदा मोडावी आणि दोघांना माद्रिदमध्ये जेवायला बसवावं.

ब्वान्य पावलं टाकतो. अंतर तीस पावलं. प्रत्येकाला पाच पावलं पुढे यायची मुभा, म्हणजे कमीत कमी वीस. खूण झाल्यावर झाडायचं. एकाने झाडली की दुसऱ्याने ताबडतोब झाडायची, नेम धरत बसायचं नाही.

गोळी

खूण होते. द्युजारिए लगेच झाडतो. गोळी कुठच्या कुठे जाते.

मग तो पिस्तूल टाकून देतो आणि सरळ उभा राहतो, समोर तोंड करून. नवख्यालाही सांगतात, आडवा उभा राहा, अंग कमी दिसतं, पिस्तुलाचा हात चेहऱ्यापुढे धर. त्याने काहीच केलं नाही. विसरला असेल, किंवा तेच त्याला सभ्य वाटलं असेल.

बोव्हालों नेम धरतो. ताबडतोब झाडायचं ठरलं होतं. तो धरूनच आहे. बर्फात उभी असलेली माणसं श्वास रोखून. ब्वान्यला राहवत नाही, तो ओरडतो, अहो झाडा, झाडा ना एकदाची!

बोव्हालों झाडतो. गोळी चेहऱ्यात, नाकाच्या बाजूला शिरते. द्युजारिए एकदम पडत नाही. क्षणभर उभा असतो आणि मग खाली येतो. द गीझ धावतात. काही मिनिटांत सगळं संपतं.

दोन वाजायला अजून बराच वेळ होता.

दुपार, र्‍यू लाफीत

लोलाला चिठ्ठी मिळाली आहे. ती धावत सुटली, द्यूमाच्या घरी गेली, कुठे, कुणाशी, काही पत्ता लागला नाही. आता ती द्युजारिएच्या दारात उभी आहे. गाडी येते. ती स्वतः दार उघडते आणि आत टेकवून बसवलेलं प्रेत तिच्या अंगावर येतं.

नंतर

१३ मार्चला मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्याला पोचवायला बाल्झाक होता, द्यूमा होता, जिरार्दें होता. जिरार्दें बोलला. नऊ वर्षांत द्वंद्वाने त्याच्या आयुष्यातून दुसरा माणूस नेला होता, पहिला त्याच्याच गोळीने.

‘राणी मार्गो’ ५ एप्रिलला संपली.

मार्च १८४६ मध्ये रुआंला खटला चालला. पॅरिसहून रुआंपर्यंत गर्दी लोटली. द्यूमाला धंदा विचारला तेव्हा तो म्हणाला, नाटककार म्हटलं असतं, पण हे थोर नाटककार कोर्नेयचं गाव आहे. न्यायाधीशांनी लागलीच सुनावलं, पायऱ्या असतात. लोला काळ्या कपड्यांत आली आणि म्हणाली, मला कळलं असतं तर पोलिसांत गेले असते. आणि लढायचंच होतं तर मी लढले असते, माझा नेम त्याच्यापेक्षा चांगला आहे. हशा पिकला असेल. पण दानापूर-सिमल्याच्या छावण्या पाहिलेल्या त्या बाईचं म्हणणं त्या दालनातल्या इतर कुणापेक्षा सरळ होतं.

बोव्हालोंच्या बाजूने बेरिए उभे होते, देशातले नामांकित वकील. ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. मयताच्या आईला आणि बहिणीला २०,००० फ्रँक द्यायला सांगितलं, म्हणजे अखेर नुकसान मोजलंच.

मग काळं बोट परत आलं. एक साक्षीदार पुढे आला: त्या सकाळी देकव्हियेच्या बागेत बोव्हालों त्याच पिस्तुलांनी नेम धरून पाहत होता. उशीर का झाला तेही त्यातून उमगलं. आणि पिस्तुलं देकव्हियेची नव्हतीच, ती कास्सान्याकची, म्हणजे ‘ल ग्लोब’च्या संपादकाची. १८४७ मध्ये खोट्या साक्षीबद्दल देकव्हियेला दहा वर्षं झाली, बोव्हालोंला आठ. माणूस मारला त्याची शिक्षा शून्य; पिस्तूल आधी हाताळलं होतं हे लपवलं त्याची आठ वर्षं. पुस्तक वाचणाऱ्यांना हा हिशेब बरोबर वाटला असावा.

लोला पुढे म्युनिकला गेली, बव्हेरियाच्या राजाला भुरळ घालून सरदारीण झाली, आणि १८४८ मध्ये त्या राजाला गादी सोडावी लागली. ती कहाणी वेगळी आहे आणि तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. तिला मिळालेले सतरा शेअर ज्या थिएटरचे, ते पाले-रोयालच्याच आवारात आहे. ‘तीन भावां’च्या दारातून निघून कमानींखालून चालत गेलं असतं तर डोक्यावर छत्रीही धरावी लागली नसती, इतकं जवळ.